भिंतीचा वळसा

बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर काय होणार, त्याचा नमुना पालिकेच्या हॉलमध्ये मांडला होता. रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि तिचा दीर.

“वहिनी, हे धुराडं. ते ठेवणार आहेत.”

“आणि भट्टी?”

“इथं होती. इथंच दादा पडला.”

“मला कुठे आत सोडलं कुणी! डबासुद्धा फाटकावरच घ्यायचे.”

“आता फाटकच नाही. भिंत पाडून आपल्या गल्लीतून थेट दवाखान्यापर्यंत रस्ता काढताहेत.”

“थेट? भावजी, त्या दिवशी यांना सगळ्या भिंतीला वळसा घालून नेलंत ना?”

“मागच्या फाटकाला कुलूप होतं, वहिनी.”

“बोलत होते?”

“कोपऱ्यावर वळेपर्यंत बोलत होता.”

नमुन्याजवळची आर्किटेक्ट पुढे झाली.

“आजी, भट्टीच्या जागी चौक होणार. रस्त्याच्या मधोमध कामगारांचं स्मारक, त्यावर नावं.”

“दादाचंही नाव आहे, वहिनी. मी सांगून ठेवलंय.”

“करा हो स्मारक. पण जरा कडेला घे, पोरी.”

“का आजी? मधे असलं की लोक थांबतील, वाचतील.”

“म्हणूनच म्हणते. मागून कुणाला तरी दवाखान्यात नेत असतील. रस्ता मोकळा राहू दे.”