तिसरा मीटर

राहात्याच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघं बोलत होते.

"राधाकृष्णकाका, तुम्ही रोलच्या कॅमेऱ्यानं गावभरच्या लग्नांचे फोटो काढलेत. उजेड मोजायला मीटर कुठला वापरायचात?"

"कसला मीटर? हाताच्या सावलीकडं बघायचं आन् बटन दाबायचं. तुझ्याकडं तर दोन हायेत की!"

"दोघांचे आकडे जुळत नाहीत. खरं कोण सांगतंय ते कळायला तिसरा घेतोय."

"व्हय का, अनिमेषराव! मंग आत्तापर्यंत रोल किती काढले?"

"एकही नाही. उजेड नक्की कळल्याशिवाय रोल कशाला वाया घालवायचा? दोन वर्षं अभ्यास चाललाय. हे बघा, दोन्ही मीटरचे फोटो."

"लई भारी आल्यात रे! उजेड तर येकदम बरोबर. कशानं काढले?"

"मोबाईलनं."