सातवा पेशंट

मोशीला बसमध्ये बसल्या बसल्या ज्ञानदेवनं झोपेचं सोंग घेतलं. मागच्या सीटवरची डॉक्टरकी शिकणारी पोरगी आजोबांना आपण मारलेली माणसं मोजून दाखवत होती.

"आज सातवा मेला, आबा."

"सरावाच्या मशीनमधलाच ना?"

"हो. मेंदूतली गाठ काढताना माझ्या हातून शीर कापली गेली. मग बटण दाबलं, की परत जिवंत."

"मग तोंड का पाडलंयस?"

"पहिला मेला तेव्हा घास उतरला नव्हता. आज लगेच वडापाव खाल्ला."

"त्या पेशंटाचं बाहेर कुणी बसलेलं असतं का गं?"

"मशीनचं कोण बसणार?"

"मी बसतो. आत तुझी आजी हाय, असं धर. आता सांग मला."

"बसमध्ये?"

"दवाखान्यातबी लोकं असत्यातच की."

"आबा, आम्ही खूप प्रयत्न केले..."

"मोबाईलकडं न्हाई, माझ्याकडं बघ."

"शीर माझ्या हातून कापली गेली. आजी गेली."

सिग्नल सुटला, बस हलली.

"तिला दुखलं का, पोरी?"

"नाही. तिला भूल दिली होती."

"बरं."

"आबा, डोळे पुसा ना. खोटंच आहे सगळं."

"तुझंबी पूस. उद्या आठव्याला हात लाव. गेलाच, तर फोन कर. मी बाहेर बसलेलो हाय."