गाडी खाली है

तुम्ही विचारून राहिले ना, सदर भागात राहणाऱ्या आमच्या काकांची ती दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार अजून घरीच कशी? अशा जुन्या गाड्या जमवणारे दिल्लीचे एक साहेब तिच्या मागेच लागले होते. काकांना विकायची नव्हती, पण तोंडावर नाही म्हणवत नव्हतं.

एकदा साहेबांचा फोन काकूनं उचलला. काकू लग्न होऊन नुकतीच यवतमाळहून आलेली. घर वरच्या माळ्यावर, गाडी अंगणात.

"गाड़ी है अभी?"

"हाँ जी, खाली है."

"खाली? और इंजन?"

"वो भी खाली है. सब खाली है."

फोन कट.

काकू म्हणे, "काहून ठेवला? इंजन काय वर आणून ठेवू?"

तेव्हापासून गाडीसाठी फोन आला की काका तो काकूलाच देतात. "तू बोल. तुझी हिंदी चांगली आहे."