पुरावा नव्हता

नाही, तो मोबाइल समोर धरू नका, काय लिहिलंय ते मला पाठ आहे — मीच लिहिलंय, सलील या माझ्या खऱ्या नावाने. 'या गोळ्या घातक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही.' मग यात खोटं काय? तुमच्या भावाने विचारलं, मी उत्तर दिलं. घे असं म्हटलं का मी निखिलला? कुठेही नाही. बसा, विजयाताई, बराकपूरहून लोकलने उन्हाच्या आलात, डमडम स्टेशनला उतरून घर शोधलंत, बसा — पण आवाज चढवू नका, आत आई झोपलीय.

लोक आमच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर नशेच्या, झोपेच्या गोळ्यांबद्दल बोलतात — हो, उघड बोलतात, आणि निखिल गणपतीत इथल्या मराठी मंडळात भेटला, परमुलखात आपला पोरगा, म्हणून मीच घेतलं त्याला तिथे. नियम एकच, जे सांगाल त्याला आधार द्या. शोधनिबंध द्या, तपासणीचा अहवाल द्या, नाहीतर पोस्ट निघते. कोण काढतं? मी काढतो, ऑफिस सांभाळून, फुकट. नाही काढली तर एक जण लिहितो लिंबूपाण्याने सगळं उतरतं, आणि पोरं दवाखान्यात जायचं सोडून लिंबं पिळत बसतात. माणसं वाचावीत म्हणून केलाय हो नियम.

होती, तशी पोस्ट होती. कुणीतरी लिहिलं होतं, सियालदह स्टेशनबाहेर हातगाडीवर मिळणाऱ्या त्या झोपेच्या गोळ्यांच्या पट्टीत भलतंच काहीतरी आहे, माझा रूममेट घेऊन झोपला तो उठवून उठेना, श्वास अडकायला लागला, कुणी घेऊ नका. बस, एवढंच. मी विचारलं, आधार काय? म्हणे, डोळ्यांनी पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं हा आधार नसतो. काढली मी. मग दोन दिवसांनी निखिलने त्याच गोळ्यांबद्दल विचारलं — आता त्याने ती वाचली असती तर, याला काही अर्थ आहे का? तुमचं तरी ऐकायचा तो कधी? — बरं, रडू नका. व्हेंटिलेटर काढला ना त्याचा? ओळखतो का तुम्हाला? — नाही, मी आपलं विचारलं.

मला काय वाटलं होतं? मला काय वाटतं याला तिथे किंमत नाही, हेच तर केव्हाचं सांगतोय. वाटणं वेगळं, पुरावा वेगळा. वाटलं म्हणून मी माझी पट्टी, ती पोस्ट काढली त्याच संध्याकाळी, कचऱ्यात टाकली, पण ते मी चारचौघांत कशाला —

हो, माझी. झोप लागत नाही मला, वर्ष होऊन गेलं. त्याच गाडीवरची, हो. खबरदारी म्हणून टाकली. स्वतःपुरती खबरदारी घ्यायला पुरावा कशाला लागतो?

असं बघू नका माझ्याकडे.

उठा तुम्ही. आई जागी होईल आता. चपला बाहेर आहेत तुमच्या — निघा.