गिरीजच्या केळ्याचा लूप

समोरच्याला 'तुझं चुकलंय' म्हणायची वेळ आली की मला आधी माझंच चुकलंय असं वाटतं, ही माझी जुनी खोड. निवृत्तीनंतरही मी कॉलेजच्या लॅबमध्ये जातो. परवा तिथे पीएचडी करणारी सिल्विया धावत आली. तिने स्पटरिंगने, म्हणजे अणूंचा फवारा बसवून, स्कँडियम धातू घातलेल्या अॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर वाढवला होता. असा थर फेरोइलेक्ट्रिक, म्हणजे वीजदाबाने आतली ध्रुवता उलटणारा, असला की वीजदाब उलटसुलट केल्यावर आलेखात लूप उमटतो. तिचा उमटला होता, आणि पेपर संध्याकाळीच पाठवायचा होता.

लूप चांगला गुबगुबीत होता. मला वाटलं, थरातून नुसती वीज गळतेय.

"सर, स्पष्ट सांगा ना, बरोबर आहे का?"

"असेलही गं. तुझ्या डब्यात केळं आहे का?"

"आहे, आमच्या गिरीज गावचं, घरच्याच वाडीतलं. भूक लागली का?"

केळ्याच्या सालीला दोन्ही बाजूंनी चांदीचा लेप लावून आम्ही लूप काढणारं तेच यंत्र जोडलं. अगदी तसाच लूप आला; आणि केळं काही फेरोइलेक्ट्रिक नसतं, त्यातून नुसती वीज गळते.

सिल्वियाने डोक्याला हात लावला. "गेला माझा पेपर!"

"गेला नाही, थांबला. आधी गळती कमी कर, मग पुन्हा मोज."

इतक्यात विभागप्रमुख आले. पडद्यावर दोन्ही आलेख होते. "हा उजवीकडचा झकास आहे, हाच पाठवा. कुठल्या सॅम्पलचा?"

"सर, केळ्याचा," सिल्विया म्हणाली.

 ते माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "मग आपण एवढं महाग स्कँडियम मागवतो कशाला?"