ओव्हन नावाचं कपाट

अगं, ओव्हन म्हणजे कढया ठेवायचं कपाट, असंच मला तेव्हा वाटायचं. नव्वदच्या दशकातली गोष्ट, अमेरिकेतल्या ट्रॉयमधली.

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. मी ब्रेडच्या कडा फेकते, हे त्यांना बघवेना. कटलेटसाठी त्यांनी चुरा केला आणि गरम असतानाच डब्यात भरला. चार दिवसांत बुरशी! बाई इरेला पेटल्या. पुढचा चुरा तव्यावर कोरडा भाजला, पसरून गार केला आणि आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या डब्यात दाबून भरला. फ्रीझरमध्ये जागा नव्हती.

"ओव्हनचं दार घट्ट बसतं. तिथे ठेव. हवा लागता कामा नये."

ठेवला.

शनिवारी पार्टी होती. शेजारची लिंडा थंडगार लझान्या घेऊन आली. ती गरम करायची म्हणून बयेने दार न उघडताच ओव्हन आधी तापायला चारशे फॅरनहाइटवर लावला आणि गप्पा मारत बसली. थोड्या वेळात धूर, अलार्म आणि दारात फायरवाले!

त्यातल्या एका धिप्पाड गड्याने कढया, तवा, इडलीपात्र एकेक करून बाहेर काढलं.

"मॅम, हे सगळं ओव्हनमध्ये का?"

"मग कुठे ठेवू?" मी म्हटलं.

शेवटी त्याने चिमट्यात धरून एक गोळा काढला. वितळलेल्या प्लास्टिकने सगळा चुरा गिळला होता. लिंडा रडकुंडीला आलेली.

सासूबाई पुढे झाल्या. गोळ्यावर चमच्याने टकटक केलं आणि समाधानाने म्हणाल्या, "आता झाला हवाबंद!"