जुन्या प्रोग्रामवरचं नाव

मी दामिनी नवनीत पाटील, वय ३६, व्यवसाय सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, राहणार प्रकाशा, ता. शहादा, जि. नंदुरबार. ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर राहून, हवालदार दिनेश यांनी विचारलं त्यावरून सांगते ते असे:

शहाद्यात योगेंद्र चौधरी यांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. आम्ही दवाखान्यांसाठी रुग्णांच्या नोंदीचा प्रोग्राम बनवतो. मी तिथे बऱ्याच वर्षांपासून नोकरीस आहे. मी कंपनीचा सोर्स कोड चोरून घरी नेला, अशी त्यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. ती खोटी आहे.

सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर. चोरीस गेलेल्या मालाचा रंग व आकार मला विचारण्यात आला. त्याला रंग-आकार नसतो, हे मी आज तिसऱ्यांदा सांगत आहे. हा मजकूर ऑफिसातल्या एका जुन्या मशीनवर एसव्हीएन नावाच्या व्यवस्थेत ठेवलेला होता. कोणता बदल कोणी केला, कधी केला आणि का केला, हे सगळं त्यात राहतं. ती व्यवस्था जुनी झाली म्हणून सगळं गिट या नव्या व्यवस्थेत हलवायचं काम योगेंद्रभाऊंनीच मला दिलं. घरी लॅपटॉपवर कर, असंही त्यांनीच सांगितलं. तसा त्यांचा मेसेज मी दाखवला आहे. तो पाहूनही मला दुपारपासून बसवून ठेवलं आहे.

हलवताना जुनं प्रत्येक लॉगिन कोणत्या माणसाचं, हे नव्या व्यवस्थेला सांगावं लागतं. अर्ध्याहून जास्त काम जागृती फुलसिंग वसावे हिच्या लॉगिनने झालेलं आहे. ती अक्कलकुव्याकडच्या डोंगरातल्या गावची. आम्ही दोघी शेजारी बसायचो. ती आता हयात नाही. तिच्याबद्दल याहून जास्त विचारू नये, असं मी हवालदारसाहेबांना सांगितलं.

योगेंद्रभाऊ हा प्रोग्राम सुरतच्या एका कंपनीला विकणार आहेत. घेणाऱ्यांनी नसलेल्या माणसाबद्दल विचारू नये म्हणून सगळीकडे माझंच नाव टाक, असं त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, कंपनी तुमची, प्रोग्राम तुमचा, खुशाल विका. पण लिहिणाऱ्यांची नावं आहेत तशी जातील. त्यावर ते म्हणाले, "ती आते इचाराले येवाव नही." म्हणजे ती आता विचारायला येणार नाही.

मी नावं होती तशी ठेवून काम पूर्ण केलं आणि तसं त्यांना लिहून कळवलं.

ते त्यांनी नीट वाचलं नाही. काम झालं एवढंच बघून जुनं मशीन पुसलं आणि भंगारात दिलं. आधी एकदा तपासून घेऊ, असं सांगायला मी फोन केला, तोवर ते गेलंही होतं. त्यामुळे पूर्ण इतिहासाची एकच प्रत उरली, ती माझ्याकडे. ती द्यायला मी तेव्हाही तयार होते, आजही आहे. पण नावं बदलूनच द्यायची, असा त्यांचा हट्ट. मी ऐकत नाही म्हटल्यावर चोरीची तक्रार. आज इथे बाकावर बसल्या बसल्याही ते मला हळूच म्हणाले, "नाव बदली दे, मी तक्रार मांगे ली लेस."

मी म्हटलं, "भाऊ, हाई तिनी लिखेल शे." हे तिने लिहिलेलं आहे, एवढंच.

नंतर पंचांसमक्ष मी लॅपटॉप उघडला. नोंद कशी दिसते ते पाहायचं म्हणून हवालदारसाहेबांनी जागृतीची शेवटची नोंद स्वतः मोठ्याने वाचली. ती अशी: "बाळाचं वजन किलोऐवजी ग्रॅममध्ये टाकलं तर प्रोग्रामने थांबून विचारावं. निम्मं झालं. उरलेलं बाळंतपणाच्या रजेवरून आल्यावर करते."

योगेंद्रभाऊ उठून बाहेर गेले.

ते उरलेलं काम मी पूर्ण केलं आहे. तेवढं माझ्या नावावर आहे. संपूर्ण प्रत मी पेनड्राइव्हवर ठाण्यात जमा करते. योगेंद्रभाऊंनी ती न्यावी. जागृतीचं नाव पुसायचं असेल तर त्यांनी स्वतःच्या हाताने पुसावं. मी पुसणार नाही.

हा जबाब मी सांगितला तसा संगणकावर घेतला. त्यात एका ठिकाणी 'गीत' पडलं होतं, ते 'गिट' करून घेतलं. मला पूर्ण वाचून ऐकवला. खरा व बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.